इब्न बतूताची उधारी

नोकरीसाठी मुलुख बदलायचा आणि भटकंतीची हौसही भागवायची, हे इब्न बतूताने साधले. १३२५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो टँजियरहून हजला निघाला. मालिकी फिकहचे इल्म हेच त्याचे भांडवल. दिल्लीत महंमद तुघलकाने त्याला काझी नेमले, सालाना पगार १२,००० दिनार. फारसी धड येत नव्हती, म्हणून दोन नायब दिले.

व्यापारी बांधवांनी लक्ष द्यावे ते पुढे. सुलतानाच्या भेटीला नजराणा लागे. सिंधमधले व्यापारी परदेशी पाहुण्याला माल व रोकड उधार देत. सुलतान कितीतरी पट इनाम देई, त्यातून त्यांची रक्कम नफ्यासह फिटे. पण या काझीचा हात सैल. देणे ५५,००० दिनारांवर गेले. घेणेकरी सुलतानाची दुहाई देत दरबाराच्या दाराशी उभे राहिले, तेव्हा खजिन्यातून ते फिटले. (आमच्या पेठेत असे गिऱ्हाईक रोज भेटते, सुलतान मात्र भेटत नाही.)

पुढे चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून तो दौलताबादमार्गे कालिकतला गेला. तिथे वादळात जहाज फुटले, नजराणे बुडाले. जुम्म्याच्या नमाजसाठी किनाऱ्यावर थांबला म्हणून जीव वाचला. दिल्लीला तोंड दाखवायची हिंमत होईना. मालदीवला गेला, तर तिथेही काझीच झाला.