बालकांतील इन्फ्लुएंझा-प्रतिपिंडांचे मापन : आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचे विवेचन आपणा सर्वांस परिचित आहे. प्रकृती, वय, आहार, सात्म्य भिन्न असूनही अनेकांना एकाच वेळी एकच व्याधी का ग्रासते, हा त्या विवेचनामागील प्रश्न. २००९ साली इन्फ्लुएंझा ए (एच१ एन१) विषाणूच्या महासाथीने तोच प्रश्न नव्याने उभा केला. एप्रिल २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन बालकांच्या नमुन्यांत हा विषाणू ओळखला गेला. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली व १० ऑगस्ट २०१० रोजी ती संपल्याचे घोषित केले. भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला आणि तो एका शाळकरी मुलीचा होता.

कोविडच्या साथीनंतर ‘प्रतिपिंड’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. पालक अहवाल घेऊन येतात व ‘मूल सुरक्षित आहे का?’ असे विचारतात. दुसरीकडे ‘आमच्या औषधाने प्रतिपिंड वाढतात’ असे दावेही कानी येतात. दोन्हींचे उत्तर देण्यापूर्वी हे मापन कसे होते व बाधित आणि लस दिलेल्या बालकांत त्याचा अर्थ कसा बदलतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा हाच हेतू आहे.

१. मापनाची पद्धती

इन्फ्लुएंझा विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन असते. त्याच्या योगे विषाणू रक्तकणांना चिकटतो व कणांचे जाळे बनते. रक्तरसात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड असतील तर ते विषाणूला आधीच अडवतात, जाळे बनत नाही आणि रक्तकण खाचेच्या तळाशी ठिपक्यासारखे बसतात. हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन (एच.आय.) चाचणीचे तत्त्व इतकेच आहे. १९४० च्या दशकापासून ती वापरात आहे.

चाचणीपूर्वी रक्तरसातील अन्य अवरोधक द्रव्ये विशिष्ट किण्वाने नष्ट करावी लागतात, अन्यथा प्रतिपिंड नसतानाही असल्याचा भास होतो. त्यानंतर रक्तरस १:१०, १:२०, १:४०, १:८० असा दुपटीने विरल करतात. प्रत्येक खाचेत ठराविक मात्रेत विषाणू व नंतर टर्की किंवा कोंबडीचे रक्तकण घालतात. ज्या शेवटच्या विरलनापर्यंत जाळे पूर्णपणे रोखले जाते, तो टायटर होय. १:१० लाही अवरोध न दिसल्यास गणितासाठी ५ हा अंक धरण्याची प्रथा आहे.

दुसरी पद्धती मायक्रोन्यूट्रलायझेशनची. यात जिवंत विषाणू व रक्तरस एकत्र करून पेशीसंवर्धनात सोडतात आणि प्रतिपिंडांनी पेशींचा संसर्ग रोखला की नाही, हे पाहतात. ही अधिक संवेदनशील आहे, परंतु श्रमाची व सुरक्षित प्रयोगशाळेची अपेक्षा करणारी आहे. दोन्ही पद्धतींचे आकडे परस्परांशी थेट ताडून पाहू नयेत. एकाच नमुन्याचे दोन प्रयोगशाळांतील आकडेही भिन्न येऊ शकतात, म्हणूनच या विषाणूसाठी आंतरराष्ट्रीय मानक रक्तरस तयार करावा लागला.

टायटर दुपटीच्या श्रेणीत असल्याने सरासरीही भूमितीय काढतात. तीन बालकांचे टायटर १०, ४० व १६० असल्यास साधी सरासरी ७० येते, भूमितीय सरासरी मात्र ४०. जाहिरातीत किंवा अहवालात सरासरी दिसली तर ती कोणती, हे प्रथम विचारावे.

२. बाधित बालके

संसर्गानंतर रक्तात प्रतिपिंड मोजण्याजोगे होण्यास साधारणतः दोन आठवडे लागतात. म्हणून ज्वराच्या पहिल्या आठवड्यात एक व त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी दुसरा, असे दोन नमुने घेतात. दोहोंत चौपट वा अधिक वाढ झाली तर अलीकडे संसर्ग झाल्याचे मानतात. एकट्या नमुन्यावरून संसर्ग केव्हा झाला, हे सांगता येत नाही. तीव्र अवस्थेत निदानासाठी प्रतिपिंड-चाचणीचा उपयोग नाही. तेथे घशातील किंवा नाकातील स्रावाची पीसीआर तपासणीच हवी.

इंग्लंडमध्ये साथीपूर्वीचे व पहिल्या लाटेनंतरचे (सप्टेंबर २००९) रक्तरस एच.आय. पद्धतीने तपासण्यात आले. साथीपूर्वी चार वर्षांपर्यंतच्या बालकांपैकी केवळ १.८ टक्क्यांत १:३२ वा अधिक टायटर होता. ऐंशीपुढील वृद्धांत हेच प्रमाण ३१.३ टक्के होते, कारण त्यांनी बालपणी तत्सम विषाणू अनुभवले होते. पहिल्या लाटेनंतर लंडन व वेस्ट मिडलँड्स या अधिक प्रादुर्भावाच्या भागांत साधारणतः तीनांपैकी एक बालक बाधित झाल्याचे आढळले. रुग्णनोंदींवरून बांधलेल्या अंदाजाच्या हे दहापट होते. बहुसंख्य बालकांचा संसर्ग नोंदीबाहेरच राहिला, असा याचा अर्थ. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने असेच सर्वेक्षण केले. त्यातही सामान्य लोकवस्तीपेक्षा शाळकरी मुलांत संसर्गाच्या खुणा अधिक आढळल्या.

३. लस दिलेली बालके

ब्रिटनमध्ये सहा महिने ते बारा वर्षे वयाच्या नऊशेहून अधिक बालकांना २१ दिवसांच्या अंतराने दोन मात्रा देऊन दोन लशींची तुलना झाली. एका लशीत प्रतिसादवर्धक द्रव्य होते, दुसरीत संपूर्ण निष्क्रिय विषाणू होता. मायक्रोन्यूट्रलायझेशनने पाहता तीन वर्षांखालील बालकांत अनुक्रमे ९८.२ व ८०.१ टक्के, तर तीन ते बारा वर्षांच्या बालकांत ९९.१ व ९५.९ टक्के जणांत अपेक्षित प्रतिपिंडवृद्धी झाली. लहान वयात वर्धकाचा लाभ ठळक दिसतो. मात्र त्याच वर्धकयुक्त लशीबाबत २०१० मध्ये फिनलंड व स्वीडन येथे बालके व किशोर यांच्यात नार्कोलेप्सी या निद्राविकाराचे वाढलेले प्रमाण लक्षात आले. अधिक टायटर म्हणजे सर्वतोपरी श्रेष्ठ असे समीकरण मांडता येत नाही, हे यावरून दिसते.

भारतात २०१० मध्ये निष्क्रिय विषाणूची लस आली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकावाटे देण्याची जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची लसही आणली. नाकातील लशीने रक्तातील एच.आय. टायटर फारसा वाढत नाही. तिचे कार्य बऱ्याच अंशी नासामार्गातील श्लेष्मल त्वचेत घडते. अशा बालकाचा टायटर कमी आला म्हणून लस वाया गेली, असे म्हणता येत नाही.

४. १:४० या आकड्याची मर्यादा

१:४० टायटर असल्यास संसर्गाचा धोका सुमारे निम्म्याने घटतो, हा निकष प्रौढांवरील अभ्यासांतून आला आहे. सहा वर्षांखालील बालकांच्या, हंगामी लशीवरील २०११ मधील अभ्यासात १:४० ला केवळ २२ टक्के संरक्षण आढळले. निम्म्या संरक्षणासाठी सुमारे १:११० टायटर लागला. प्रौढांचे माप बालकांस लावू नये, हा यातील बोध. शिवाय हे प्रमाण समूहाचे आहे, व्यक्तीला दिलेली हमी नव्हे.

चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ सांगितले आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलाला विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीला प्रतिबंध. एच.आय. टायटरचा संबंध मुख्यतः दुसऱ्याशी जोडता येईल. संसर्गातून गेलेल्या बालकात श्लेष्मल प्रतिपिंड व विषाणूच्या आंतरिक प्रथिनांना ओळखणाऱ्या पेशीही निर्माण होतात. व्याधीचे बल त्यांमुळे घटते, परंतु या चाचणीत त्या दिसत नाहीत. ही तुलना केवळ आकलनासाठी आहे. प्रतिपिंड म्हणजे ओज वा व्याधिक्षमत्व असे मानणे दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे ठरेल.

५. औषधांचे दावे व आपली जबाबदारी

समजा, एखाद्या वैद्याने साथीच्या चार महिन्यांत साठ बालकांना रसायन दिले व अखेरीस रक्त तपासले असता वीस बालकांत प्रतिपिंड आढळले. हे यश रसायनाचे मानावे काय? लंडनमधील बालकांतही तीनांत एक हेच प्रमाण होते, आणि तेथे रसायन कोणी दिले नव्हते. ही वीस बालके निमूटपणे बाधित झालेली असू शकतात. उलट ‘साठांपैकी कोणीही आजारी पडले नाही’ हा दावाही रक्त तपासल्यावाचून टिकत नाही.

असा अभ्यास करावयाचा असल्यास पुढील गोष्टी किमान हव्यात :

(अ) साथीपूर्वीचा व नंतरचा असे दोन नमुने, दोन्ही एकाच प्रयोगशाळेत एकाच वेळी तपासलेले.
(आ) औषध न दिलेला, तत्सम वयाचा व वस्तीचा गट.
(इ) लसीकरणाची नोंद व ज्वर आल्यास पीसीआर तपासणी.
(ई) नीतिसमितीची मान्यता, पालकांची लेखी संमती व क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियामध्ये नोंदणी.
(उ) अभ्यासासाठी कोणाही बालकाची लस न रोखणे.

इतके होईपर्यंत औषधालयांनी वेष्टनावर वा फलकावर ‘प्रतिपिंड वाढवते’ असे शब्द लिहू नयेत. रसायनाचा अग्नी, निद्रा, बल यांवरील परिणाम सांगण्यास आपल्याकडे आपली परिभाषा आहे. न मोजलेल्या आकड्याचा आधार घेण्याचे कारण नाही.

सारांश

वरील विषाणू आता हंगामी झाला असून त्याचे स्वरूपही बदलले आहे. २००९ च्या वाणाऐवजी नव्या वाणांचा समावेश लशीत होत आला आहे. तेव्हा जुन्या टायटरवर विसंबून पालकांना आश्वस्त करू नये. नऊ वर्षांखालील बालकास प्रथमच लस देताना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, त्यानंतर प्रतिवर्षी एक, हे पालकांस सांगावे. श्वास जलद होणे, छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, मूल सुस्त होऊन पिणे सोडणे ही लक्षणे दिसताच अहवालाची वाट न पाहता रुग्णालयात पाठवावे. विषाणुरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयुक्त ठरते. तो काळ आपल्या चिकित्सालयात वाया जाऊ नये.