पायाभूत चाचणी : गुण किती, यापेक्षा मूल कुठे अडलं?

पायाभूत चाचणीचा पेपर हातात आला की आपण आधी एकूण गुण बघतो. मूल कुठे अडलंय, हे चुकलेल्या उत्तरात दिसतं.

समजा, ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिलंय. हा निष्काळजीपणा नव्हे. मुलाने एककात ७ मधून २ वजा केले. त्याला वजाबाकी येते, दशक सुटा करणं येत नाही. अशी आणखी वीस गणितं दिली तर तीच चूक पक्की होईल.

त्याऐवजी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या. आधी सात काड्या काढायला सांगा. एक गठ्ठा सोडावाच लागेल! उरलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन काढले की राहतात २५. मगच वहीत मांडणी करून घ्या.