जुन्या संगणकावर पार्टिशनला नाव देताना

जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवरील पार्टिशन बहुधा दोन नावांनी ओळखले जाते. एक नाव यंत्र देते. ते पार्टिशनच्या क्रमावरून ठरते. दुसरे मालक देतो आणि ते डिस्कवरच लिहिलेले असते. डॉसमधले सी, डी, ई हे पहिल्या प्रकारचे आणि लेबल हे दुसऱ्या प्रकारचे. जुनी यंत्रे पुन्हा चालती करणाऱ्या हौशी मंडळींच्या बहुतेक तक्रारी पहिल्या प्रकारच्या नावावर ठेवलेल्या विश्वासातून निघतात.

आयबीएमच्या पहिल्या पीसीत दोन फ्लॉपी ड्राइव्ह बसत, म्हणून ए आणि बी ही अक्षरे त्यांना गेली. १९८३ साली पीसी एक्सटीसोबत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तेव्हा तिच्या वाट्याला सी आले. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, पण डॉसचे पार्टिशन ३२ मेगाबाइटच्या वर जाईना. १९८७ च्या डॉस ३.३ ने एक्स्टेंडेड पार्टिशन आणि त्याच्या पोटातल्या लॉजिकल ड्राइव्हची सोय केली, आणि ८० मेगाबाइटच्या डिस्कचे सी, डी, ई असे तीन तुकडे पडू लागले. पुढच्याच वर्षी डॉस ४ ने ही मर्यादा उठवली, तरी तुकडे पाडण्याची सवय गेली नाही. आज जुन्या यंत्रात डिस्कऐवजी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावणाऱ्यांनाही फॅट १६ ची २ गिगाबाइटची मर्यादा आड येते आणि तुकडे पाडावेच लागतात.

डॉस अक्षरे कोणत्या क्रमाने वाटते, हे यातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण. पहिल्या डिस्कवरची सगळी पार्टिशने आधी आणि दुसरीवरची नंतर, असा सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा आहे. डॉस आधी प्रत्येक डिस्कचे प्रायमरी पार्टिशन मोजते. ती संपली की पहिल्या डिस्कचे लॉजिकल ड्राइव्ह आणि मग दुसरीचे. म्हणजे एकाच डिस्कवर सी, डी, ई असताना प्रायमरी पार्टिशन असलेली दुसरी डिस्क जोडली, तर नव्या डिस्कला डी मिळते. जुना डी होतो ई आणि जुना ई होतो एफ. पंगतीत मध्येच कुणी येऊन बसले की पुढचे सगळे एकेक पाट सरकतात, तसेच हे. डिस्कवरच्या एकाही बाइटला धक्का लागलेला नसतो, म्हणून यंत्र तक्रारही करत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातल्या एका ४८६ यंत्रावर डी मधली कागदपत्रे रोज ई वर उतरवून घेणारी एक बॅच फाइल होती. आत ओळ एकच: एक्सकॉपी, डी पासून ई पर्यंत, उपडिरेक्टऱ्यांसह. दुसऱ्या यंत्रातून काढलेली डिस्क त्यात जोडली गेली आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे बॅच चालवली गेली. आता डी म्हणजे पाहुणी डिस्क आणि ई म्हणजे मूळ कागदपत्रांचे पार्टिशन. दोन्हीकडे ‘लेटर्स’ नावाची डिरेक्टरी होती आणि तिच्यातल्या बऱ्याच फाइलींची नावेही सारखीच. पाहुण्या डिस्कवरची जुनी पत्रे मूळ पत्रांवर जाऊन बसली. आधीची फाइल पुसण्यापूर्वी विचारण्याची पद्धत एमएस-डॉस ६.२ मध्ये आली खरी, पण बॅच फाइलीतून चालणाऱ्या एक्सकॉपीला तिथेही विचारणा होत नाही. शेवटी पडद्यावर इतक्या फाइली कॉपी झाल्या, एवढीच ओळ उमटली. जुन्या ई वरची, म्हणजे आता एफ वरची, आदल्या दिवशीची प्रत शाबूत होती, हे नशीब.

यावरचा उपाय डिस्क जोडण्याआधीचा आहे. दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन ठेवूच नये. एफडिस्कमध्ये संपूर्ण डिस्क एक्स्टेंडेड करावी आणि तिच्यात लॉजिकल ड्राइव्ह पाडावेत. दुसऱ्या डिस्कच्या बाबतीत एफडिस्क याला हरकत घेत नाही. मग नव्या ड्राइव्हना जुन्यांच्या पुढची अक्षरे मिळतात आणि सी, डी, ई जागचे हलत नाहीत. अर्थात डिस्क आधीच भरलेली असेल तर तिच्यावरचा माल दुसरीकडे हलवून मगच हे करावे लागते, कारण पार्टिशन मोडले की आतले सगळे गेले.

हार्ड डिस्कची अक्षरे जागेवर राहिली तरी सीडी-रॉमचे अक्षर पुढे सरकतेच, आणि सीडीवरून चालणारे जुने खेळ बसवताना पाहिलेले अक्षर विसरत नाहीत. त्यासाठी सीडीला पहिल्यापासूनच लांबचे अक्षर द्यावे. कॉन्फिग.सिसमध्ये लास्टड्राइव्ह झेडपर्यंत वाढवून ऑटोएक्झेक.बॅटमधल्या एमएससीडेक्सच्या ओळीत स्लॅश एल, कोलन, आर असे लिहिले की सीडी कायमची आर. लास्टड्राइव्हची ओळ राहून गेली तर अक्षरे पुरत नाहीत, असा संदेश येतो आणि सीडी दिसतच नाही. रॅमड्राइव्हला अशी निवड नाही. जे अक्षर मोकळे असेल ते ती घेते.

सबस्ट या कमांडने एखाद्या डिरेक्टरीलाच अक्षर देता येते, उदाहरणार्थ सी वरच्या गेम्स डिरेक्टरीला जी. पुढे डिरेक्टरी दुसरीकडे हलवली तरी एक ओळ बदलून भागते. युक्ती चांगली आहे, पण अशा अक्षरावर चेकडिस्क, फॉरमॅट, लेबल या कमांड चालत नाहीत, आणि यंत्र नव्याने हाती घेणाऱ्याला हे अक्षर उसने आहे याचा पत्ता लागत नाही. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये त्या ओळीच्या वर रेम घालून खुलासा लिहावा.

लेबलकडे डॉसच्या काळात फारसे कुणी लक्ष दिले नाही. कमांडना लेबल देऊन फाइल उघडता येत नाही, मग ते लावायचे कशाला, असा हिशेब. पण एमएस-डॉस ५ पासूनच्या एफडिस्कमध्ये पार्टिशन मोडायला गेले की ते त्याचे लेबल टाइप करायला सांगते, आणि जुळले नाही तर पुढे जात नाही. लेबल नसलेल्या पार्टिशनला नुसते एंटर पुरते. चार पार्टिशने, चारही बिनलेबलाची, दोन सारख्या आकाराची, अशा डिस्कवर हा पहारा उठलेलाच असतो. लेबल ११ अक्षरांचे असते. त्यात अक्षरनाम घालू नये: ‘डीडेटा’ असे लेबल लावलेला ड्राइव्ह उद्या ई झाला की दोन्ही नावे एकमेकांशी भांडतात. डिस्क आणि काम सांगणारे लेबल टिकते, जसे ‘क्वांटम_काम’ किंवा ‘सीगेट_खेळ’. ते अर्थातच रोमन लिपीत आणि मर्यादेत बसवून.

कमोडोरच्या अमिगाने हा प्रश्न अधिक विचारपूर्वक सोडवला होता. तिथे डीएच०, डीएच१ हे उपकरणनाव, ‘वर्कबेंच’ किंवा ‘वर्क’ हे व्हॉल्यूमचे नाव आणि अॅसाइनने दिलेले कामाचे नाव, अशी तिन्ही नावे फाइलीच्या पत्त्यात सारखीच चालतात. उपकरणनाव डिस्कच्या सुरुवातीला असणाऱ्या रिजिड डिस्क ब्लॉकमध्ये लिहिलेले असते आणि एचडीटूलबॉक्समध्ये ते मालकच ठरवतो. त्यामुळे नवी डिस्क आली म्हणून डीएच१ चे डीएच२ होत नाही. धोका वेगळाच आहे: दोन्ही डिस्कवर डीएच० असणे. म्हणून दुसऱ्या डिस्कला ईएच०, ईएच१ अशी वेगळी मालिका द्यावी.

व्हॉल्यूमचे नाव बदलले आणि एखाद्या स्क्रिप्टमध्ये जुने राहून गेले, तर अमिगा ‘वर्क’ नावाचा व्हॉल्यूम कोणत्याही ड्राइव्हमध्ये घाला, अशी विनंती करणारी चौकट दाखवतो. फ्लॉपीच्या जमान्यात ते ठीक होते. हार्ड डिस्क कुठे घालायची? नावात मोकळी जागा असेल तर शेलमध्ये अवतरणचिन्हे लागतात आणि ती हमखास विसरतात. फॉन्ट्स, लिब्ज, सी, एस ही नावे व्हॉल्यूमला देऊ नयेत, कारण त्याच नावांची अॅसाइने प्रणाली स्वतः वापरते. यूझर-स्टार्टअपमध्ये ‘गेम्स’ हे अॅसाइन करून सगळ्या स्क्रिप्टमध्ये तेच वापरणे सर्वांत निर्धोक.

जुळ्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डांची गोष्ट इथेच सांगावी लागते. सारख्या नावाचे दोन व्हॉल्यूम अमिगा त्यांच्या निर्मितीच्या तारखेवरून वेगळे ओळखतो; पण एका कार्डाची हुबेहूब इमेज दुसऱ्यावर उतरवली तर तारीखही तीच येते. मूळ आणि प्रत एकाच वेळी जोडू नयेत. जोडायचीच असतील तर प्रत आधी एकटी लावून तिच्या व्हॉल्यूमची आणि उपकरणांची नावे बदलून घ्यावीत.

जुन्या मॅकिंटॉशवर अक्षरेच नाहीत, फक्त व्हॉल्यूमचे नाव. ते २७ अक्षरांपर्यंत चालते आणि त्यात कोलन चालत नाही. एकाच नावाच्या दोन डिस्क डेस्कटॉपवर शेजारी शेजारी दिसू शकतात आणि प्रत्येक नवी डिस्क ‘मॅकिंटॉश एचडी’ राहिली तर तसे होतेच.

यंत्र कोणतेही असो, पार्टिशन पाडून झाल्यावर डिस्कच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवावी: क्रमाने लेबले, प्रत्येकाचा आकार, प्रायमरी की लॉजिकल, आणि पार्टिशन केल्याची तारीख. डॉसच्या डिस्कवर ड्राइव्हचे अक्षर लिहायचेच असेल तर पेन्सिलीने लिहावे.