खात्यातले पैसे, चिपवरचे पैसे

प्रवासाच्या कार्डाचे पैसे दोन जागी असतात: एक बँकेकडचे खाते, दुसरी कार्डावरची चिप. ४ मार्च २०१९ रोजी सुरू झालेले नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड याच पद्धतीवर चालते. मेट्रोचे फाटक फक्त चिप वाचते. बँकेला विचारायला थांबत नाही, म्हणून तर ते क्षणात उघडते. फोनवरून भरलेली रक्कम मात्र आधी खात्यात पडते. ती चिपवर उतरवायला कार्ड स्थानकातल्या खिडकीवर नाहीतर यंत्रावर एकदा धरावे लागते. खिडकीवर रोख भरली तर हा फेरा नाही.

तंजावूरच्या राजवाड्याभोवती राहणाऱ्याला हा फरक उशिरा कळतो, कारण गावात मेट्रो नाही. राज्यातली मेट्रो एकट्या चेन्नईत. प्रस्तुत लेखकाने राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाबाहेर उभ्या उभ्या फोनवरून पाचशे रुपये भरले, बँकेचा मेसेज पाहिला आणि निर्धास्तपणे चेन्नईची रात्रीची गाडी धरली. सकाळी मेट्रोचे फाटक उघडेना. मागे रांग, हातात बॅगा. पैसे होते, पण चिपवर नव्हते. घाईने रोखीचे तिकीट काढून झाल्यावर शेजारच्या यंत्रावर कार्ड धरायचे असते हे समजले. चूक सर्वस्वी स्वतःची. मेसेजमध्ये तसे लिहिलेही होते.

चिपवर साधारण दोन हजारांपर्यंत रक्कम राहते, पण तेवढी ठेवू नये. टॅप करताना पिन लागत नाही, त्यामुळे हरवलेले कार्ड म्हणजे रस्त्यात पडलेली नोट. दोन-चार फेऱ्यांपुरते पैसे पुरेत. मेट्रोतून बाहेर पडतानाही टॅप करावेच लागते, कारण भाडे अंतरावर ठरते. पाकिटात दोन कार्डे असतील तर हवे ते बाहेर काढून धरावे.

बसच्या भाड्याचा घोळ वेगळाच, आणि तो पाहुण्यांना जास्त भोवतो. महाराष्ट्रातून आलेल्या आत्याला एसटीची सवय: १७ मार्च २०२३ पासून तिथे बायकांना सगळ्या प्रकारच्या बसमध्ये अर्धे तिकीट. तामिळनाडूत मे २०२१ पासून बायकांना प्रवास फुकट, पण फक्त साध्या भाड्याच्या टाउन बसमध्ये. नव्या बसस्थानकावरून राजवाड्याकडे यायला अशी टाउन बस चालते. कुंभकोणमच्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये मात्र पूर्ण तिकीट पडते आणि कंडक्टरशी हुज्जत घालून काही उपयोग नसतो. तंजावूरच्या भोसले राजांच्या छत्रांत कुठल्याही वाटसरूला फुकट जेवायला मिळे. बसमध्ये चढण्याआधी मात्र ती कोणत्या प्रकारची हे विचारावे लागते. फुकट प्रवासाचेही शून्य रुपयांचे तिकीट मिळते. ते उतरेपर्यंत जपावे.

चेन्नई मेट्रोची स्वतःची जुनी कार्डे १ ऑगस्ट २०२५ पासून रिचार्ज होत नाहीत. त्यांची जागा सिंगारा चेन्नई या कॉमन मोबिलिटी कार्डाने घेतली आहे. राजवाड्याभोवतीच्या ज्या घरांत जुनी कार्डे कपाटात पडून असतील, त्यांनी पुढच्या खेपेला ती बरोबर न्यावीत आणि उरलेले पैसे प्रवासात संपवून टाकावेत.