नडगीचे दुखणे आणि एका बोटाची खूण

आमच्या शाळेत इंटर-हाउस क्रॉस-कंट्री ऑक्टोबरमध्ये होते. यंदा पहिल्यांदाच सीनियर टीममध्ये माझे नाव लागले आणि त्याच आनंदात उजवी नडगी दुखते आहे ही गोष्ट मी सोळा दिवस कोणालाही सांगितली नाही. नंतर दोन महिने मैदानाच्या कडेला बसावे लागले. त्या काळात एम.आय. रूममधल्या डॉक्टर मॅडमना विचारून आणि लायब्ररीत वाचून जे समजले ते येथे लिहितो आहे, कारण आमच्या डॉर्ममध्ये रात्री नडगी चोळत बसणारा मी एकटा नव्हतो.

सुट्टीत साताऱ्याला घरी मी जवळजवळ धावलोच नाही. आईच्या हातचे जेवण आणि झोप, बस्स. परत आल्यावर सकाळी पी.टी., मग ड्रिल, संध्याकाळी गेम्स. त्यात सप्टेंबरमध्ये टीमचा सराव सुरू झाला. एका आठवड्यात माझे रोजचे धावणे तीन किलोमीटरवरून आठवर गेले. दम टिकत होता, वेळ सुधारत होती, उस्ताद शाबासकी देत होते. फसगत इथेच होते. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला मात्र त्याहून जास्त काळ लागतो.

हाड ही जिवंत गोष्ट आहे. धावण्याचा ताण पडला की ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी झिजलेला भाग खरवडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथे नवे हाड भरतात. खरवडणे दोन-तीन आठवड्यांत उरकते, पण भरायला तीन-चार महिने लागतात. रस्ता खणून ठेवला आहे, खडी आलेली नाही आणि ट्रक मात्र चालूच आहेत, असा हा प्रकार. म्हणून नवा सराव सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाड सर्वांत कच्चे असू शकते. आमच्या वयात आणखी एक अडचण आहे. उंची आधी झपाट्याने वाढते आणि हाडात खनिजे भरण्याचे काम काही महिने मागे राहते. मी वर्षभरात सात सेंटिमीटर वाढलो, याचा आईला फार अभिमान आहे!

या दुखण्याचे पहिले नोंदलेले रुग्ण सैनिकच होते, हे वाचून मला गंमत वाटली. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरांनी लांब मार्चनंतर सैनिकांचे पाय सुजून दुखतात असे लिहून ठेवले. कारण कळायला मार्ग नव्हता, कारण क्ष-किरणांचा शोधच १८९५ मध्ये लागला. १८९७ मध्ये एक्स-रे काढल्यावर दिसले की पावलातली हाडे मोडलेली आहेत. तोपर्यंत किती जणांना कामचुकार ठरवले गेले असेल कोण जाणे. रविवारी फोनवर बाबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, आमच्या ट्रेनिंगला निम्मी प्लाटून लंगडत होती. नाव माहीत नव्हतं, एवढंच."

नडगीचे प्रत्येक दुखणे म्हणजे फ्रॅक्चर नव्हे, हे मुद्दाम सांगतो. जास्त आढळतो तो शिन स्प्लिंट्स. त्यात नडगीच्या आतल्या कडेने बराच लांब पट्टा दुखतो आणि सुरुवातीला तरी अंग गरम झाले की दुखणे कमी होते. स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये दुखणे एका जागी असते, धावत जावे तसे वाढते आणि पुढे चालताना किंवा अंथरुणातही ठणकते. एम.आय. रूममध्ये मी तळहात फिरवून "इधर दुखता है" म्हणालो, तेव्हा नर्सिंग असिस्टंट म्हणाले, "एक उंगली से दिखाओ, बेटा." मी घोट्याच्या वर चार बोटांवर नेमके टेकवले. त्यांनी तिथे दाबले आणि मी टेबलावरून उठलोच.

एक्स-रे काढला, तो अगदी स्वच्छ आला. मला वाटले सुटलो. पण मॅडम म्हणाल्या की पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये हा तडा बहुधा दिसत नाही, एम.आर.आय.मध्ये लवकर दिसतो, पण ती सोय शहरात आहे आणि तोवर धावणे बंद. स्पर्धा सहा दिवसांवर होती. हाउस कॅप्टनचे म्हणणे साधे होते, "हड्डी टूटी नहीं, तो बैठा क्यों है?" मलाही ते पटत होते. रिपोर्ट माझ्या हातात होता आणि त्यावर काहीच नव्हते. माझ्या जागी अकरावीचा कॅडेट धावला, आमचे हाउस तिसरे आले आणि आठवडाभर जेवणाच्या टेबलावर माझ्याशी कोणी धड बोलले नाही. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एक्स-रेमध्ये हाडाच्या कडेला पांढुरका फुगवटा दिसला. ते भरून येणारे नवे हाड. तो फोटो मी कॅप्टनना दाखवायला नेला, हे कबूल करतो.

नडगीच्या आतल्या कडेचा तडा साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरतो. नडगीच्या समोरच्या भागातला किंवा मांडीच्या हाडाच्या मानेजवळचा तडा मात्र धोक्याचा. तो पूर्ण मोडू शकतो आणि ऑपरेशनची वेळ येते. मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेले नाही. २०१९ मध्ये जसप्रीत बुमराहच्या पाठीच्या खालच्या भागात स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले. पाठीच्याच दुखापतीने तो २०२२ चा टी-२० विश्वचषक मुकला, मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध तो परतला.

मॅडमनी मला एक प्रश्न विचारला, तो मला अनपेक्षित होता. "नाश्ता करतोस?" हलके वाटावे म्हणून मी सरावाच्या दिवसांत अर्धा नाश्ता सोडत होतो आणि दूध शेजाऱ्याला देत होतो. खर्च होते त्यापेक्षा कमी खाल्ले तर शरीर हाडांच्या दुरुस्तीत काटकसर करते. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये आरईडी-एस हे नाव दिले. मुलींमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही तिची महत्त्वाची खूण आहे. आता आमच्या शाळेत मुलीही आहेत, म्हणून लिहिले. अमेरिकी नौदलाच्या पाच हजारांहून अधिक महिला रिक्रूटवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्के कमी आढळले. पालकांनी यावरून लगेच गोळ्यांचे पार्सल पाठवू नये. आधी डॉक्टरांना विचारावे. माझ्या आईने पाठवलेच होते, ते मॅडमकडे जमा आहे.

सध्या मला एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटांचे वेळापत्रक आहे. दुखले तर मागच्या पायरीवर जायचे.

गेल्या आठवड्यात लाइट्स-आउटनंतर सातवीचा एक कॅडेट माझ्या पलंगाजवळ आला आणि दुखण्यावर लावायची ट्यूब मागू लागला. मी त्याला एका बोटाने दाखवायला सांगितले. त्याने क्षणाचाही विचार न करता एकाच जागी बोट ठेवले. सकाळी मी त्याला सिक रिपोर्टच्या रांगेत उभे केले. त्याचे ज्युनियर हॉकीचे सिलेक्शन हुकले आहे आणि तो अजून माझ्याशी बोलत नाही.