साक्षीदाराची परीक्षा

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर बजबज हे गाव आहे. मद्रासहून निघालेली एक आगबोट १८९७ च्या फेब्रुवारीत येथे येऊन लागली, आणि १९ फेब्रुवारीच्या सकाळी स्वामी विवेकानंद खास आगगाडीने बजबजहून सियालदहला गेले. तेथे लोटलेल्या गर्दीतील विद्यार्थ्यांनी त्यांच्या घोडागाडीचे घोडे सोडले आणि ती स्वतःच ओढत नेली. त्या तरुणांपैकी बहुतेकांनी स्वामींना पूर्वी पाहिलेही नसावे. १८९३ च्या शिकागो परिषदेची कीर्ती कानी आली होती, व तेवढी त्यांना पुरेशी होती.

याच शहरात पंधरासोळा वर्षांपूर्वी त्यांच्याच वयाचा एक विद्यार्थी ऐकीव गोष्टीवर विसंबण्यास मुळीच तयार नव्हता. तो विद्यार्थी म्हणजे हेच विवेकानंद, तेव्हाचे नरेंद्रनाथ दत्त. मिल, स्पेन्सर आणि ह्यूम यांचे ग्रंथ त्याने वाचले होते. (मराठी वाचकास येथे आगरकरांचे स्मरण होईल. मिल व स्पेन्सर यांचाच संस्कार पुण्यात त्यांच्यावर झाला होता. ते मात्र अखेरपर्यंत अज्ञेयवादीच राहिले.)

धर्मश्रद्धेच्या समर्थनार्थ सामान्यतः जे सांगितले जाते त्यातील पुष्कळसे संशयवाद्यापुढे फार वेळ टिकत नाही. परंपरेचा आधार घ्यावा, तर परंपरा प्रत्येक धर्मास आहे. धर्मग्रंथाचा घ्यावा, तर तो ग्रंथ प्रमाण का, हाच प्रश्न उरतो. चमत्कारांविषयी ह्यूमने १७४८ मध्येच दाखवून दिले होते की, परस्परविरोधी धर्मांचे चमत्कार एकमेकांची साक्ष खोडून काढतात. राममोहन रॉय यांनीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आपल्या फारसी पुस्तकात, प्रत्येक धर्माचे अनुयायी स्वतःचे खरे व इतरांचे खोटे कसे ठरवितात, याकडे बोट दाखविले होते. श्रद्धेने मनाला धीर येतो हे खरे. पण धीर येणे हा सत्याचा पुरावा नव्हे.

आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर नरेंद्राने शब्दप्रमाण बाजूस सारले आणि प्रत्यक्षाची मागणी केली. आपण ईश्वर पाहिला आहे काय, असे तो थेट विचारू लागला. देवेंद्रनाथ ठाकुरांकडून त्याला सरळ उत्तर मिळाले नाही, असे चरित्रकार सांगतात. दक्षिणेश्वरच्या रामकृष्णांनी मात्र ‘होय’ म्हटले.

येथे प्रश्न संपत नाही. खरे म्हणजे येथे तो सुरू होतो. नरेंद्राने त्यांना तोंडावर सांगितले की, आपणास होणारी दर्शने हा मनाचा भ्रम असू शकेल. त्यांच्या स्पर्शाने त्याचे भान हरपले, तेव्हा हे संमोहन तर नव्हे, अशी शंका त्याने घेतली. पुढे, रामकृष्णांना धातूच्या नाण्याचा स्पर्श सहन होत नाही असे ऐकल्यावर, ते खोलीत नसताना त्याने त्यांच्या अंथरुणाखाली गुपचूप एक रुपया ठेवला. रामकृष्ण येऊन बसले आणि वेदना झाल्यासारखे ताडकन उठले. अंथरूण झाडताच रुपया खाली पडला. शिष्याच्या या परीक्षेने ते रागावले नाहीत, उलट संतुष्ट झाले.

हा प्रसंग भक्त मोठ्या प्रेमाने सांगतात. पण त्यातून नेमके काय सिद्ध झाले? रामकृष्ण ढोंगी नव्हते, एवढेच. साक्षीदार खोटे बोलत नाही हे एक. त्याची फसगत झालेली नाही हे दुसरे. आणि तो सांगतो ती वस्तू खरोखर आहे, हे तिसरे. मृगजळ पाहणारा मनुष्य खोटे बोलत नसतो, तरीही तेथे पाणी नसते. रुपयाने पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला. उरलेले दोन तसेच राहिले.

विवेकानंदांना याची जाणीव नव्हती असे नाही. ‘राजयोग’ या १८९६ च्या ग्रंथात त्यांनी दिलेले उत्तर असे की, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. साधनेची पद्धती घ्या, आचरा आणि स्वतः पाहा. हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि विज्ञानाच्या बरेच जवळ जाणारेही आहे. तथापि प्रयोगशाळेत अपेक्षित फळ मिळाले नाही, तर दोष सिद्धांताकडे जाऊ शकतो. साधनेत तो बहुधा साधकाच्याच माथी येतो. ज्या प्रयोगाला अपयशी होण्याची मुभाच नाही, त्याचे यश तरी कसे मोजावे? शिवाय सूफी, वैष्णव आणि ख्रिस्ती साधक आपापल्या मार्गाने जे पाहतात ते एकसारखे नसते. रामकृष्णांनी इस्लामची व ख्रिस्ती धर्माचीही साधना करून सर्व मार्ग एकाच ठिकाणी पोहोचतात असे सांगितले. पण तोही अखेर एकाच मनाचा अनुभव होता. आमच्या मते हा आक्षेप वजनदार आहे.

डॉक्टर महेंद्रलाल सरकार याच सीमेवर थांबले. १८७६ साली कलकत्त्यात विज्ञानसंवर्धनासाठी संस्था स्थापन करणारे हे गृहस्थ रामकृष्णांच्या अखेरच्या आजारात त्यांच्यावर उपचार करीत होते. ते तासन्‌तास त्यांच्याजवळ बसत, वाद घालीत. मात्र मनुष्याला ईश्वर मानून त्याची पूजा करणे त्यांना अखेरपर्यंत पटले नाही. १६ ऑगस्ट १८८६ रोजी रामकृष्णांचे देहावसान झाले, तेव्हा छायाचित्र घ्या असे सुचवून त्यांनी त्यासाठी दहा रुपये दिले.

सियालदहच्या गर्दीला यातले काही करून पाहण्याची सोय राहिली नव्हती. रामकृष्णांना जाऊन दहा वर्षे लोटली होती. एकेकाळी साक्षीदाराची उलटतपासणी करणारा तरुण आता स्वतःच साक्षीदार झाला होता, आणि त्याची परीक्षा घेण्याचे कोणाच्या मनातही नव्हते. जो तो त्याची गाडी ओढण्यास धावत होता. रुपयाची गोष्ट आपल्यालाही शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रांतूनच ठाऊक आहे.