पँट टांगायची कशावर?

तायांनो, मागच्या अंकात माल भरताना हिशोब कसा करायचा ते आपण पाहिलं. या वेळी तो माल दुकानात आल्यावर टांगायचा कशावर, तेवढंच बघू. विषय छोटा वाटेल. आम्हालाही तसाच वाटला होता.

जूनमध्ये शाळा उघडतात म्हणून आमच्या गटाने गणवेशाच्या पँट भरल्या. त्यात खेळाच्या तासाच्या पांढऱ्याही होत्या. हँगर घेतले सगळ्यात स्वस्त, लोखंडी चिमट्यांचे. पावसाची दमट हवा, त्यात गाळ्याची भिंत ओली. महिन्याभरात चिमटे गंजले आणि अकरा पांढऱ्या पँटच्या कमरेवर दोन-दोन तांबूस डाग पडले. गंजाचा डाग साबणाने निघत नाही. माल खरेदीपेक्षा कमी भावात काढावा लागला आणि त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता आम्ही बचतीतून भरला. हँगरवर वाचवलेले पैसे दोन पँटच्या किमतीएवढेही नव्हते.

शर्टाला खांदे असतात, कुठल्याही हँगरवर तो बसतो. पँटला खांदे नाहीत. म्हणून ती तीन प्रकारे टांगतात: कमरेला चिमटे लावून, आडव्या दांडीवर घडी घालून, किंवा पट्ट्याच्या लुपात हूक अडकवून. कुठला प्रकार घ्यायचा ते कापड बघून ठरवा.

गणवेशाची, टेरिकॉटची, इस्त्रीची पँट असेल तर चिमट्याचा हँगर चांगला. गिऱ्हाईक आधी कंबर बघतं, मग लांबी, आणि चिमट्यावर दोन्ही एका नजरेत दिसतं. चिमटे दांडीवर सरकणारे हवेत, म्हणजे लहान-मोठी कंबर एकाच हँगरवर बसते. चिमट्याच्या आत रबर किंवा मऊ प्लास्टिकची गादी आहे का ते बोट घालून बघा. गादी नसेल तर पांढऱ्या सुती कापडाची पट्टी चिकटवा. शिलाईच्या चिंध्या आपल्याकडे ढीगभर असतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावू नका, फिकट कापडावर त्याचा काळा डाग येतो. चिमटा नेहमी कमरपट्टीवर लावायचा. तिथे कापड दुहेरी असतं, खूण पडली तरी कमी दिसते.

हँगर घ्यायला जाताना आपली एक पँट पिशवीत घेऊन जा. दुकानातच ती चिमट्यांना लावा, दोनदा हलवा. घसरली तर हँगर नको. नाही घसरली तर बाकीची खरेदी होईपर्यंत तशीच राहू द्या, मग काढून कमरेवर बघा. दाताची खूण उमटली असेल तरी नको. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

जीन्स जड असते. हलक्या चिमट्यातून ती सुटते आणि सकाळी गाळा उघडावा तर माल जमिनीवर. तिला लुपातून हूक घाला, नाहीतर सरळ घडी करून फळीवर रचा आणि वर एकच दाखवायला टांगा.

पलाझो आणि इलॅस्टिकच्या सलवारीला चिमटे लावताना इलॅस्टिक ताणू नका. रोज ताणून राहिलं की ते सैल पडतं, आणि गिऱ्हाइकालाही कमरेचा अंदाज चुकतो. लेगिंग होजिअरीची असते, स्वतःच्याच वजनाने ती लांबते. ती दांडीच्या हँगरवर घडी घालून ठेवा. दांडी गुळगुळीत असेल तर तिच्यावर कापड गुंडाळून टाका घाला, माल घसरत नाही. धोब्याकडून येतात ते बारीक तारेचे हँगर मात्र घरीच राहू द्या. वजनाने ते वाकतात आणि घडीवर आडवी सुरकुती पाडतात.

आता उंची. मोठ्या माणसाच्या फुलपँटची लांबी साधारण ४० इंच धरा, हँगरचे वरचे ६ इंच. झाले ४६. गाळ्यातली दांडी जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे ५४ इंचांवर लावली, तर पायाची शिवण जमिनीच्या ८ इंच वर राहते. फरशी पुसताना पाणी उडत नाही. मुलांच्या पँटसाठी दांडी खाली घ्या, म्हणजे मुलाला स्वतः हात लावून बघता येतं. दांडी लांब असेल तर मध्ये एक आधार द्यायला विसरू नका, भरल्यावर ती मध्येच वाकते.

किती घ्यायचे? इथे बऱ्याच गटांचा पैसा अडकतो. समजा तुमच्याकडे ६० पँट आहेत, पण रंग आणि माप मिळून प्रकार १२ च आहेत. मग हँगर १५ पुरे. प्रत्येक प्रकारातली एक टांगा, बाकीच्या घडी करून मापाप्रमाणे फळीवर लावा. ६० स्वस्त हँगरच्या पैशात १५ चांगले येतात की नाही, हा हिशोब बैठकीत सगळ्यांसमोर मांडा आणि मगच ठराव लिहा.

हँगर आणल्यावर पहिले पंधरा दिवस रोज गाळा बंद करताना दोन पँट उतरवून कंबर तपासा. पावसाळ्यात चिमट्याची स्प्रिंगही बघा, गंज तिथूनच सुरू होतो. खराब निघाले तर बदलून मागायचे आहेत, तेव्हा पावती गटाच्या फाइलला लावून ठेवा.